जुने कागद आणलेत का? – डॉक्टर, संगणक आणि आपली जबाबदारी

घाटकोपरचे राजावाडी, विलेपार्ल्याचे कूपर, कांदिवलीचे भारतरत्न डॉ. बाबासाहेब आंबेडकर रुग्णालय किंवा आपल्या गल्लीच्या तोंडाशी असलेला खाजगी दवाखाना, यांपैकी कोठेही गेले तरी डॉक्टर पहिल्यांदा एकच प्रश्न विचारतात, "जुने कागद आणलेत का?" मग रुग्ण किंवा त्याच्या सोबतचा माणूस प्लॅस्टिकची पिशवी उघडतो. तीत घडी पडून फाटलेला केसपेपर, शाई उडालेले रक्ताचे रिपोर्ट, दोन वर्षांपूर्वीचा एक्स-रे आणि रिकामी गोळ्यांची पाकिटे असतात. बाहेर रांग वाढत असते आणि डॉक्टर त्यातून आपल्याला हवा तो कागद शोधत बसतात. बऱ्याचदा नेमका तोच कागद पिशवीत नसतो.

ही पिशवी जाऊन तिच्या जागी संगणकातील नोंद यावी, असा प्रयत्न आपल्या देशात अनेक वर्षे चालू आहे. त्याला पाहिजे तेवढे यश का येत नाही, डॉक्टरांची त्यातील खरी अडचण कोणती आणि ती दूर करण्यासाठी आपले सभासद व विद्यार्थी काय करू शकतील, याचा विचार या लेखात करावयाचा आहे.

१. रुग्णनोंद कशासाठी?

केसपेपर म्हणजे केवळ औषध मिळवण्याची चिठ्ठी, असा आपल्यापैकी अनेकांचा समज असतो. प्रत्यक्षात तो रुग्णाच्या शरीराचा इतिहास असतो. कोणता आजार केव्हा झाला, कोणते औषध लागू पडले, कोणत्या औषधाने अंगावर पुरळ उठले, रक्तदाब मागच्या वेळी किती होता, हे सर्व त्यात असावे लागते. अमेरिकेतील डॉ. लॉरेन्स वीड यांनी १९६८ साली असा विचार मांडला की, नोंद ही रुग्णाच्या एकेका तक्रारीला धरून क्रमवार लिहावी. रुग्ण काय सांगतो, तपासणीत काय आढळले, डॉक्टरांचे अनुमान काय आणि पुढे काय करावयाचे, या चार पायऱ्या आज जगभर वैद्यकीय विद्यार्थ्यांना शिकवल्या जातात. नीट लिहिलेली नोंद पुढच्या डॉक्टरला वाट दाखवते.

नोंदीचा उपयोग एका रुग्णापुरता मर्यादित नाही. मुंबईत इंडियन कॅन्सर सोसायटीने १९६३ साली कर्करोग नोंदणी सुरू केली. लोकसंख्येवर आधारलेली ही भारतातील पहिली कर्करोग नोंदणी होय. कोणता कर्करोग कोणत्या वयात किती जणांना होतो, हे मुंबईला कळू शकले ते रुग्णालयांतील कागद कोणीतरी चिकाटीने गोळा केल्यामुळे.

या नोंदीवर रुग्णाचा हक्क आहे, हेही आपण ध्यानात ठेवावे. रुग्णाने किंवा त्याच्या जवळच्या नातेवाईकाने मागणी केल्यास केसपेपरच्या प्रती दिल्या पाहिजेत, असे मुंबई उच्च न्यायालयाने १९९६ साली स्पष्ट केले. भारतीय वैद्यक परिषदेच्या २००२ च्या नियमावलीनुसार अशी मागणी आल्यावर ७२ तासांत कागदपत्रे द्यावयाची असतात आणि आंतररुग्णांच्या नोंदी तीन वर्षे जपावयाच्या असतात. नोंदी चटकन सापडाव्यात म्हणून त्या संगणकावर आणण्याचा प्रयत्न करावा, असेही त्याच नियमावलीत सांगितले आहे. म्हणजे ही कल्पना कालपरवाची नव्हे.

२. कागदाची मर्यादा

प्रस्तुत लेखकाने उपनगरातील एका रुग्णालयाच्या नोंद विभागात बरीच वर्षे काम केले आहे. कागद कसा हरवतो, हे त्याने जवळून पाहिले आहे. परंतु त्याची झळ लागली ती घरातच. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझ वेधशाळेत २४ तासांत ९४४ मिलिमीटर पावसाची नोंद झाली. त्या रात्री आमच्या खोलीत कमरेएवढे पाणी शिरले. आईचे मधुमेहाचे आणि रक्तदाबाचे सगळे कागद पत्र्याच्या ट्रंकेत होते. दोन दिवसांनी ट्रंक उघडली तेव्हा आत लगदा होता.

पुढे काही महिन्यांनी आईला दुसऱ्या रुग्णालयात दाखवावे लागले. डॉक्टरांनी विचारले, "कुठल्या औषधाचा त्रास होतो का?" आई म्हणाली, "एका गुलाबी गोळीनं अंगभर गांध्या उठल्या होत्या." गुलाबी गोळ्या तर कित्येक असतात! जुन्या रुग्णालयात मी स्वतः जाऊन शोध घेतला, पण बाह्यरुग्ण विभागाच्या नोंदवहीत नाव आणि तारीख यापलीकडे काही नव्हते. शेवटी डॉक्टरांनी भीतभीत, थोडे थोडे औषध देऊन पाहिले. तपासण्या पुन्हा झाल्या, त्यात माझे चार दिवसांचे खाडे झाले. आई सुखरूप राहिली, हे आमचे नशीब. दुसऱ्याच्या आईच्या बाबतीत तसेच होईल, याची हमी कोण देणार?

३. संगणक आला, पुढे काय?

केंद्र सरकारने इलेक्ट्रॉनिक आरोग्य नोंदींसाठी २०१३ साली मानके जाहीर केली आणि २०१६ साली ती सुधारली. आजारांची व तपासण्यांची नावे सर्वत्र एकाच संकेताने लिहिली जावीत, हा त्यामागचा हेतू. या मानकांचे राष्ट्रीय केंद्र आपल्या पुण्यातच, सी-डॅक या संस्थेत आहे. २७ सप्टेंबर २०२१ रोजी आयुष्मान भारत डिजिटल मिशन देशभर सुरू झाले. त्यात प्रत्येकाला १४ अंकी 'आभा' क्रमांक काढता येतो. नोंदी ज्या दवाखान्यात तयार झाल्या तेथेच राहतात आणि रुग्णाने संमती दिल्यावर दुसऱ्या डॉक्टरला दिसतात, अशी ही योजना आहे. लहान खाजगी दवाखान्यांना यात आणण्यासाठी एकेका विभागात माणसे पाठवून डॉक्टरांना मदत करावयाची, या 'मायक्रोसाइट' प्रयोगाची चाचणी मुंबई, अहमदाबाद आणि सुरत येथे झाली व २०२३ साली तो देशभर नेण्याचे ठरले.

परंतु यंत्र आणले म्हणजे काम झाले, असे होत नाही. राज्याच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांच्या रुग्णालयांत एक संगणक प्रणाली अनेक वर्षे चालू होती. २०२२ साली कंत्राटाच्या वादातून ती बंद पडली आणि डॉक्टरांना पुन्हा हाताने केसपेपर लिहावे लागले. पुढे नवी प्रणाली आली, पण मधल्या काळात ज्यांच्या जुन्या नोंदी पडद्यावर दिसेनाशा झाल्या, त्या रुग्णांचे हाल झाले. प्रणाली कोणाचीही असो, तिच्यातील माहिती बाहेर काढून दुसरीकडे नेता आली पाहिजे, हा धडा यातून घ्यावयाचा.

४. डॉक्टर का कचरतात?

"डॉक्टरांना संगणकाचा कंटाळा" असे म्हणून आपण मोकळे होतो. हा अन्याय आहे. थोडे गणित मांडून पाहू. समजा, आपल्या वस्तीतील डॉक्टर संध्याकाळी ६ ते ९ बसतात आणि ४० रुग्ण तपासतात. १८० मिनिटांत ४० रुग्ण, म्हणजे एकाला साडेचार मिनिटे. संगणकावर लिहिण्यासाठी प्रत्येकामागे दोनच मिनिटे जास्त लागली तरी एकाला साडेसहा मिनिटे होतात. मग त्याच वेळात २७ रुग्ण होतील आणि १३ जण परत जातील. नाहीतर डॉक्टरांना रात्री दहा वाजून वीस मिनिटांपर्यंत बसावे लागेल. म्हणजे ही अडचण काही नुसत्या आळसाची नाही.

अमेरिकेसारख्या श्रीमंत देशातही हाच अनुभव आला. २००९ साली तेथील सरकारने कायदा करून डॉक्टरांना संगणकीय नोंदींसाठी मोठे अर्थसाहाय्य दिले. पण २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात ५७ डॉक्टरांच्या कामाचे निरीक्षण केले, तेव्हा असे दिसले की रुग्णासमोर घालवलेल्या प्रत्येक तासामागे जवळजवळ दोन तास संगणक आणि टेबलावरच्या इतर कामात जातात. डॉक्टरची मान पडद्याकडे आणि पाठ रुग्णाकडे, अशी तक्रार तेथील रुग्णही करू लागले. आपण ती चूक का करावी?

वेळेखेरीज आणखीही कारणे आहेत. वीज आणि इंटरनेट नेमके गर्दीच्या वेळी जाते. प्रणाली मोठ्या रुग्णालयाला डोळ्यांसमोर ठेवून बनवलेली असते. खोकल्याच्या रुग्णासाठी वीस चौकोन भरण्याची सक्ती असते. पडद्यावरचे शब्द एक, डॉक्टरांच्या तोंडचे दुसरे. कर किंवा कोर्टकचेरी मागे लागेल, ही भीतीही असते. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, एवढे लिहून स्वतःला काय मिळाले, हे त्यांना दिसत नाही.

५. मुंबईतील एक उदाहरण

डॉक्टर बदलतात, हे मुंबईतील क्षयरोगाच्या कामात दिसून आले. मे २०१२ मध्ये क्षयरोगाचा प्रत्येक रुग्ण शासनाला कळवणे बंधनकारक झाले आणि त्याच वर्षी 'निक्षय' ही संगणकीय नोंदप्रणाली सुरू झाली. तरी खाजगी डॉक्टरांकडून नोंदी फारशा येत नव्हत्या. नियम होता, पण डॉक्टरांना त्यात नुसता व्याप दिसत होता.

२०१४ पासून महानगरपालिकेच्या सहकार्याने 'पाथ' या संस्थेने मुंबईत वेगळी पद्धत अवलंबिली. संस्थेचे कार्यकर्ते वस्तीतील दवाखान्यात स्वतः जात. ॲलोपॅथीच्या डॉक्टरांप्रमाणे आयुर्वेद व होमिओपॅथीच्या डॉक्टरांनाही सामील करून घेतले गेले. डॉक्टरने रुग्णाची नोंद दिली की रुग्णाला व्हाउचर मिळे. ते दाखवून ठरलेल्या केमिस्टकडे औषध फुकट मिळे आणि केमिस्टला पैसे मागाहून चुकते होत. रुग्णाने मध्येच औषध सोडू नये म्हणून त्याचा पाठपुरावाही दुसरी माणसे करीत. यामुळे डॉक्टरांना असा अनुभव आला की, नोंद दिल्याने आपला रुग्ण तुटत नाही, उलट तो औषध पुरे करतो. खाजगी डॉक्टरांकडून नोंदी येण्याचे प्रमाण वाढले.

पुढे एप्रिल २०१८ पासून क्षयरोग्याला पोषणासाठी दरमहा ५०० रुपये थेट बँक खात्यात मिळू लागले. नोव्हेंबर २०२४ पासून ही रक्कम १००० रुपये झाली. त्यासाठी 'निक्षय'मध्ये नाव असावे लागते. मग रुग्णच डॉक्टरला विचारू लागला, "माझं नाव चढवलंत का?"

यावरून तीन गोष्टी शिकता येतात. पहिली, किचकट काम डॉक्टरच्या डोक्यावरून काढून दुसऱ्याने करावे. दुसरी, नोंदीचा फायदा डॉक्टर व रुग्ण दोघांनाही लगेच दिसावा. तिसरी, अडल्यावर विचारायला ओळखीचा माणूस हाताशी असावा.

६. सुरुवात कशी करावी?

एखाद्या लहान दवाखान्यात संगणकीय नोंद सुरू करावयाची असेल तर पुढील क्रम उपयोगी पडेल.

(अ) नाव, वय, पत्ता, फोन, वजन आणि रक्तदाब या गोष्टी डॉक्टरने लिहू नयेत. कंपाउंडर किंवा स्वागतिकेने रुग्ण आत जाण्यापूर्वीच त्या भराव्यात.

(आ) डॉक्टरने आरंभी चारच गोष्टी नोंदवाव्यात : कोणत्या औषधाची ॲलर्जी आहे, जुनाट आजार कोणते, सध्या चालू औषधे कोणती आणि आज काय दिले. एवढे जमले की पुढचे वाढवावे. पहिल्याच दिवशी सर्व चौकोन भरण्याचा हट्ट धरला तर आठवड्याभरात संगणकावर कापड पडते.

(इ) डॉक्टर रोज जी तीस-चाळीस औषधे लिहितात, त्यांची यादी मात्रेसह आधीच भरून ठेवावी. मग टंकलेखन न करता बोटाने निवडता येते. छापील चिठ्ठीवर औषधाचे नाव सुवाच्य येते आणि केमिस्टची चूक टळते. "सकाळी एक, रात्री एक, जेवणानंतर" हे मराठीत छापावे.

(ई) पडदा डॉक्टर आणि रुग्ण दोघांनाही दिसेल असा तिरपा ठेवावा. स्वतःचा रक्तदाब सहा महिन्यांत कसा उतरला, हे रुग्णाला डोळ्यांनी दिसले की तो औषध सोडत नाही.

(उ) सर्व जुने कागद एकदम चढवू नयेत. रुग्ण जसा येईल तसा त्याचा महत्त्वाचा कागद मोबाइलने टिपून जोडावा. कागद आणि संगणक असे दुहेरी काम किती दिवस चालवायचे, याची तारीख आधी ठरवावी.

(ऊ) वीज गेली तरी लिहिता येईल अशी प्रणाली घ्यावी. रोज रात्री माहितीची दुसरी प्रत ठेवावी. विकत घेतानाच विचारावे, "उद्या तुमची प्रणाली सोडली तर माझ्या नोंदी मला कोणत्या स्वरूपात मिळतील?"

(ए) आठवड्यातून अर्धा तास डॉक्टर व मदतनीस यांनी एकत्र बसून काय अडले ते पाहावे.

नोंदी भरल्या म्हणजे झाले, असेही नाही. त्या वाचल्या पाहिजेत. मधुमेहाच्या रुग्णांपैकी तीन महिन्यांत कोण फिरकले नाही, अशी यादी संगणक क्षणात काढतो. कागदी केसपेपरमधून ती काढायला एक कारकून आठवडाभर बसेल. त्या यादीतील रुग्णांना मदतनीसाने फोन केला तर एखाद्याचा पाय किंवा मूत्रपिंड वाचेल. गरोदर स्त्रीची पुढची तपासणी, बाळाची राहिलेली लस, क्षयरोग्याचे संपत आलेले औषध, यांचीही अशीच आठवण ठेवता येते. डॉक्टरला संगणकाचा खरा फायदा येथे मिळतो आणि एकदा तो मिळाला की, त्याला आग्रह करावा लागत नाही.

७. गुप्ततेचा प्रश्न

माणसाची वस्ती, जात आणि रोग पाहून त्याला वागणूक मिळते, हा अनुभव आपल्या समाजाला नवा नाही. म्हणून नोंद कोणाच्या हाती पडते, याबद्दल आपण विशेष जागरूक राहिले पाहिजे. क्षयरोग, एचआयव्ही, मानसिक आजार किंवा गर्भपात यांची माहिती शेजाऱ्याच्या कानी गेली तर नोकरी, सोयरीक आणि राहते घरही धोक्यात येते. एचआयव्हीबाधितांची माहिती गुप्त ठेवण्याचे बंधन २०१७ च्या कायद्याने घातले आहे आणि २०२३ साली वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा स्वतंत्र कायदा झाला.

व्यवहारात मात्र साध्या गोष्टीच महत्त्वाच्या ठरतात. प्रत्येक कर्मचाऱ्याचा पासवर्ड वेगळा असावा व तो पडद्याला चिकटवून ठेवू नये. रुग्णाचे रिपोर्ट व्हॉट्सॲपच्या गटात टाकू नयेत. कंपाउंडरला औषधापुरते दिसावे, सगळा इतिहास दिसण्याचे कारण नाही. 'आभा' क्रमांक काढणे ऐच्छिक आहे. मोबाइलवर आलेला ओटीपी सांगण्यापूर्वी तो कशासाठी मागितला, हे रुग्णाने विचारावे. आपल्या म्हाताऱ्या माणसांना हे कोणीतरी घरचेच समजावून सांगितले पाहिजे.

८. विद्यार्थी व सभासद यांनी काय करावे?

आपल्या वस्तीतील किती तरी मुले-मुली बारावीनंतर संगणकाचा एखादा कोर्स करून नोकरीच्या शोधात असतात. डॉक्टरांना हवा असलेला मदतनीस तोच आहे. आरोग्य-माहिती व्यवस्थापन हा २०२१ च्या सहायक व आरोग्यसेवा व्यवसाय कायद्याने मान्य केलेला व्यवसाय आहे. पवईच्या आयआयटीत २०२१ साली डिजिटल आरोग्याचे 'कोइटा सेंटर' सुरू झाले. इंजिनियरिंगकडे वळणाऱ्या विद्यार्थ्यांनी या क्षेत्राचा जरूर विचार करावा. डॉक्टरची भाषा आणि वस्तीची भाषा दोन्ही समजणारा तरुण येथे फार थोड्यांना सापडतो.

सभासदांनी प्रत्येक घरात एक वही करावी. पहिल्या पानावर ॲलर्जी, जुने आजार, चालू औषधांची नावे व मात्रा आणि रक्तगट लिहावा. त्या पानाचा व महत्त्वाच्या रिपोर्टांचा फोटो दोघांच्या मोबाइलवर ठेवावा. रविवारच्या सभेनंतर दोन विद्यार्थ्यांनी तासभर बसून वृद्धांची ही पाने लिहून दिली, तर एका पावसाळ्याच्या आत सर्व घरे पूर्ण होतील. डॉक्टर संगणकावर येतील तेव्हा त्यांना भरायची पहिली माहिती तयार मिळेल. डॉक्टर पडद्याकडे पाहून लिहू लागले, तर रुग्णानेही मिनिटभर धीर धरावा. ती नोंद आपलीच आहे.

माझ्या आईच्या गुलाबी गोळीचे नाव आम्हाला अखेरपर्यंत कळले नाही. ते कोणी एका ओळीत लिहून ठेवले असते, तर पुढच्या प्रत्येक डॉक्टरची भीती वाचली असती. आपल्या घरातील ती ओळ आजच लिहावी, एवढीच विनंती.

अभ्यासासाठी प्रश्न

१. संगणकीय नोंद करण्यास डॉक्टर का कचरतात? कोणतीही चार कारणे सांगा.
२. रुग्णाला केसपेपरच्या प्रती मिळण्यासंबंधी कोणते नियम आहेत?
३. मुंबईतील क्षयरोग-नोंदीच्या कामातून कोणत्या तीन गोष्टी शिकता येतात?
४. तुमच्या घरातील एका वृद्ध व्यक्तीची ॲलर्जी, जुने आजार व चालू औषधे यांचे एक पान तयार करा. कोणती माहिती मिळाली नाही, ते लिहा.
५. रुग्णाच्या नोंदीची गुप्तता राखण्यासाठी दवाखान्यात कोणती काळजी घ्यावी? गटात चर्चा करा.